पिवळं पाणी आणि दोन नमदे

४ जून
विद्यापीठातली कुन्सुलू आली. एवढीशी पोर, म्हणे डॉक्टर. आमच्या विहिरीत कारखान्याचं क्रोम उतरलंय, पाणी पिवळं. तिनं अंगणात उथळ ट्रे ठेवला, तळाला पांढरी पावडर चिकटवलेली. म्हणाली, आपा, पाणी ओता, उन्हात ठेवा, विष निघेल. म्हटलं, पोरी, तुला अजून नवरा मिळेना आणि तू विष काढतेस? हसली. पुढच्या महिन्यात टेस्ट.

दौरेनचा फोन. टेस्ट बिघडली तर मला अल्माटीला नेणार, त्याच्या सातव्या मजल्यावर. म्हटलं, बाळा, आई आहे मी, कपाट नव्हे. टेकडीवर तुझ्या बापाची कबर आहे, तिच्याशी कोण बोलणार? टेस्ट पास होणारच.

५ जून
ट्रे उघडा! उघड्या भांड्यात सैतान थुंकतो, सासू सांगायची. शिकलेल्यांना एवढंही कळू नये? वरून लोकरीचा नमदा टाकला. काळा, जाड.

११ जून
नमद्याखाली पाणी मस्त कोमट. म्हणजे ऊन पोचतंय. सारखा उचलून बघते. कंबर गेली.

१८ जून
शेजारची बाल्झान नमदा बघून खी खी हसली. तिलाही ट्रे मिळालाय, तो उघडाच. म्हटलं, तुझ्याकडे सैतान कशाला येईल, तू आहेस ना घरात. म्हणते, तिचं पाणी काचेसारखं झालंय. आळशी बायकांचं नशीबच चांगलं.

२५ जून
अजून पिवळंच. पावडर हलकी असणार. निश्चय: आणखी एक नमदा.

२ जुलै
टेस्ट. पहाटेच कणकेचे बौरसाक तळले, डॉक्टरीण खूश राहावी म्हणून. तिनं दोन्ही नमदे उचलले, ट्रेत डोकावली. मग म्हणाली, आपा, पावडरीला ऊब नको, उजेड लागतो. म्हटलं, मग सांगायचं नाही? म्हणाली, उन्हात ठेवा म्हटलं होतं ना. म्हटलं, उन्हातच तर होता!

फेल. ती म्हणाली, महिनाभर थांबू. पण दौरेन मला न्यायला निघाला होता.

५ जुलै
टेकडीवर जाऊन आले. म्हाताऱ्याला सांगितलं, लवकर येते. तो काय, हो म्हणाला असणार.

ट्रे बाल्झानला दिला. रडायला लागली. म्हटलं, ट्रेत नको रडू, पाणी बिघडेल.

दौरेन सांगतो, घराला मोठ्ठ्या काचा आहेत, दिवसभर ऊन. उघडं घर, म्हणजे काहीही आत येणार.

दोन्ही नमदे घेतलेत.