भट्टीवरची माणसं येईपर्यंत

बाई,

तुम्ही गेलात त्याला सव्वीस वर्षं झाली. पत्रं लिहायची मला सवय नाही. चौथीतून शाळा सुटली, पुढचं वाचन तुम्हीच चुलीपुढे बसवून शिकवलंत, शास्त्रातल्या ओळीखाली माझं बोट धरून. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ बघत बसू नका. महिनाभर एक गोष्ट घशात अडकली आहे. घरात सांगायला गेले तर पोरं म्हणतात, आई, तू उगाच लोड घेतेस. म्हणून तुम्हाला सांगते.

जुन्या पनवेलातल्या तुमच्या दोन खोल्या. रविवारी सकाळी खाट उभी करून भिंतीला लावायची, मागच्या खोलीत चटया टाकायच्या. पाळक महिन्यातून एकदा एसटीने यायचे आणि बिचारे चुलीपाशी पाटावर बसायचे. प्रभुभोजनाला तांदळाची एकच मोठी भाकरी, तुमच्या त्या पितळी परातीत, वर धुतलेलं फडकं. मनुका भिजवून, उकळून, गाळलेला रस तांब्यात. मी दहा-अकराची. आई मला तुमच्याकडे पाठवायची ती खरं तर सकाळचं एक खाणं वाचावं म्हणून. त्या दिवशी सगळे जमलेत, गाणी झालीत, शास्त्रपाठ झालाय, आणि तुम्ही पुढे सुरूच करू देत नाही. भातगिरणीत झाडलोट करणारी ती विधवा यायची राहिली आहे. पाळक घड्याळ बघतात. "बाई, माझी गाडी चुकेल." तुम्ही लाकडं मागे ओढता आणि म्हणता, "चुकू द्या की साहेब. दुपारी जेवून जा मग." माझ्या पोटात कावळे. फडक्याखाली हात घालून मी भाकरीचा काठ मोडला आणि तोंडात टाकला. तुम्ही बघितलंत. मला वाटलं, आता उलथनं बसतंय पाठीत. तुम्ही नुसती परात फिरवलीत, मोडकी बाजू स्वतःकडे घेतलीत. ती आली, केसांत भाताचा कोंडा, पदराने तोंड पुसत, तेव्हा कुठे पाळकांनी भाकरी हातात घेतली. वाढायला मात्र तुम्ही मला उभं केलंत. नंतर भांडी घासताना म्हणालात, "ज्याला थांबवत नाही ना, त्यानं वाढायला घ्यावं. सगळ्यांचं झाल्यावर आपलं."

आणि मग राखेचे हात तसेच ठेवून शास्त्रातली करिंथ शहराची गोष्ट सांगितलीत. पहिल्या मंडळ्यांना देऊळ नव्हतंच, कुणाच्या तरी घरात जमायचे, आपापली भाकरी घेऊन यायचे. करिंथात झालं काय, की ज्यांना काम नव्हतं ते लवकर येऊन खाऊनपिऊन सुस्त व्हायचे, आणि गुलाम, हमाल राबून पोचेपर्यंत सगळं संपलेलं. मग त्यांना प्रेषिताचं खरमरीत पत्र गेलं, की एकमेकांसाठी थांबत नसाल तर हे प्रभूचं जेवणच नव्हे. जो येऊ शकला नाही त्याच्या घरीही त्या काळी तुकडा पोचवायचे, म्हणालात. तुम्हीही फडक्यात बांधून माझ्याच हाती पाठवायचात. "पळत जा. आणि वाटेत खाऊ नकोस."

आता आमची मंडळी रोडपालीला भरते, दुकानांच्या वर, भाड्याच्या हॉलमध्ये. पडद्यावर गाणी, माइक, एसी. सव्वाअकराला तिथे दुसऱ्यांचा कार्यक्रम असतो, म्हणून अकराला हॉल सोडायचा. प्रभुभोजन महिन्याच्या पहिल्या रविवारी. पाकिटातल्या गोल चकत्या आणि बोटाएवढे प्लास्टिकचे ग्लास. हे खातं माझ्याकडे. खालीच माझं पोळीभाजीचं दुकान, हात चटचट चालतो, रेंगाळणारी माणसं मला खपत नाहीत. थंडीपासून जालन्याकडची पाच-सहा घरं यायला लागली, वीटभट्टीवर कामाला आहेत. आजा-पणजापासूनची आपली माणसं, सगळी गाणी तोंडपाठ. पण सकाळचं काम उरकल्याशिवाय मुकादम सोडत नाही. दर रविवारी उशीर, आणि लादीवर मातीचे पाय.

गेल्या महिन्यात मी ट्रे आवरत होते. खाली साठ पोळ्यांची ऑर्डर खोळंबलेली. जिन्यावर ही माणसं उभी. पुढे एक तरुण बाई, कडेवर मूल.

"मावशी, झालं का?"

"कधीच झालं. घड्याळ नाही का तुमच्यात कुणाकडे?"

"मुकादमानं सोडलंच न्हाई वो. काही उरलं आसंल तर..."

"काही नाही उरलं. पुढच्या महिन्यात या." आणि मी दार ओढलं. तिने मुलाची चप्पल पडली होती ती वाकून उचलली आणि जिना उतरली. नंतरच्या रविवारी त्यातलं कुणी आलं नाही.

त्या आठवड्यात कमिटी बसली. खजिनदार म्हणाले, "त्यांना भट्टीवरच दुपारी वेगळी उपासना देऊ. त्यांनाही बरं, आपल्यालाही." एक बाई म्हणाल्या, "लादीलाही बरं," आणि हसल्या. पास्टर माझ्या मुलाच्या वयाचे. म्हणाले, "आंटी, प्रभुभोजनाचं टेबल तुमच्याकडे आहे, तुम्ही बोला." मी करिंथ काढलं. तुम्ही सांगितलं होतं तसंच्या तसं.

"आंटी, दोन हजार वर्षं झाली," खजिनदार म्हणाले. "त्यांना हॉलचं बुकिंग नव्हतं."

"हॉलच नव्हता! स्वयंपाकघर होतं. माझं आहे खाली. गाणी, प्रवचन वर उरका, अकराला खाली या. भाकरी मी करते. शेवटचं माणूस आल्याशिवाय मोडायची नाही."

पास्टर म्हणाले, एकदा करून बघू. पण ते आलेच नाहीत, तर वेगळी उपासना ठरली म्हणून समजा. निरोप द्यायला भट्टीवर पास्टर स्वतः गेले. मला चला म्हणाले होते. मी म्हटलं, काम आहे.

आज तो रविवार. ऑर्डर घेतली नाही. तुमची परात, जाताना मला दिलेली, तीत मी इतकी वर्षं कणीक मळते, रागवू नका, ती चिंचेने घासली. अकराला चाळीसेक माणसं दुकानात आणि बाहेर फुटपाथवर उभी. साडेअकरा. पोरं कुरकुरतात. पावणेबारा. खजिनदार म्हणतात, "आंटी, भाकरी गार होतेय." म्हटलं, "गार भाकरीने कुणी मेलेलं नाही." बाराला दोन घरं निघून गेली. पास्टर माझ्याकडे बघतात, मी रस्त्याकडे. कधी नव्हे ती मी हात बांधून उभी. वेगळी उपासना ठरली की ती माणसं आमच्यातून गेलीच, आणि त्यांनी का यावं? त्यांना माझं दार आठवत असणार.

बारा वीसला आली. सगळी नाही, दोनच घरं. पुढे तीच. उंबऱ्याबाहेर थांबली, आत पाय टाकेना.

"मावशी, आज तरी उरलंय का?"

"मोडलीच नाही अजून. ये आत."

तिने पायपुसण्यावर पाय पुसले, मुलाचेही पुसले, आणि आली. पास्टरांनी भाकरी मोडली. मी वाढलं. शेवटचा काठाचा तुकडा मला राहिला.

बाई, त्या दिवशी उरलं होतं. चकत्यांचं अख्खं पाकीट माझ्या पिशवीत होतं, भरलेले ग्लास ट्रेमध्ये होते, फडक्याखाली. साठ पोळ्या खोळंबल्या होत्या म्हणून मी खोटं बोलले. कमिटीला करिंथ सांगितलं, हे नाही सांगितलं. आज सगळे म्हणाले, शाबास आंटी, आणि मी ऐकून घेतलं.

तिला लिहून द्यावं, तर तिला वाचता येत नाही, गाण्याचं पुस्तक पुढे केलं तेव्हाच म्हणाली. पावसाआधी भट्टी बंद होईल, ती माणसं गावी जातील. तोंडानेच सांगायला हवं. आज निघताना ती एकटी माझ्यासमोर होती. भट्टीवर तिची सासू तापाने पडली आहे, तिच्यासाठी वाढतानाच बाजूला काढलेला तुकडा मी फडक्यात बांधून दिला. तिचा हात माझ्या हातात होता. तेव्हा सांगता आलं असतं.

मी म्हटलं, "पळत जा. आणि वाटेत खाऊ नकोस."

ती हसली. हे कागद मी घडी करून परातीखाली ठेवते.