चतुर्दशीचं पान

चाकण
११ सप्टेंबर २०२५

जयमालाताईंना शालनचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? साताऱ्यात पाऊस उघडला का? इकडं ठीक. सुजितची सेकंड शिफ्ट चालू आहे. ट्रकांच्या आवाजाची सवय झाली. हे गेल्यापासून घरात रेडिओ लागत नाही, एवढाच फरक.

हे गेले तेव्हा फोनवर तुम्ही विचारलंत, "शालन, भाऊजी जाताना आमच्या ह्यांच्याबद्दल काही बोलले का?" मी नाही म्हटलं. ते खरंच होतं, शेवटी ह्यांची वाचाच गेली होती. पण त्याआधी बोलले होते. फोनवर सांगवेना, म्हणून लिहिते.

पितृपक्षातल्या चतुर्दशीला हे दरवर्षी गच्चीवर एक पान ठेवायचे. सासऱ्यांची तिथी अष्टमीची. शेजारच्या विमलबाई चेष्टा करायच्या, "यशवंतरावांच्या कावळ्याला दोनदा जेवण!" मीही हसायचे. गेल्या वर्षी पंचांग चाळताना वाचलं, की चतुर्दशी शस्त्रानं, युद्धात गेलेल्यांची. ह्यांना विचारलं, "आपल्यात असं कोण गेलंय?"

"तू वाचन जरा कमी कर," म्हणाले. पान माझ्या हातात दिलं आणि तिथंच खाली बसले.

मग सांगितलं. एकाहत्तरच्या लढाईत त्या बाँबर विमानात दोघंच होते. वैमानिकाच्या, म्हणजे रणजीतभाऊजींच्या, खुर्चीला बाहेर फेकायची सोय होती. हे पुढं नकाशे बघायला, ह्यांना तशी खुर्ची नव्हती. सरपटत दारापर्यंत जाऊन उडी मारायची. पंख पेटला होता. रणजीतभाऊजी ओरडले, "यशवंता, निघ लवकर, मला पण यायचंय!" हे निघेपर्यंत त्यांनी विमान सरळ धरून ठेवलं. हे हवेत असतानाच ते माळावर आदळलं. दुसरी छत्री उघडली नाही. चांदणं होतं, सगळं दिसत होतं.

वर्षभर कैदेत राहून हे परतले, तेव्हा स्टेशनवर तुम्ही ह्यांना ओवाळलंत आणि विचारलंत, "भाऊजी, हे मागच्या गाडीनं येतायत का?" हे म्हणाले, "अंधार होता वहिनी, काही दिसलं नाही." तुम्ही हातातलं ताट खाली ठेवलंत की सांगायचं, असं ह्यांनी मनात धरलं होतं. मग कधीच जमलं नाही.

सरकारच्या कागदात भाऊजी बेपत्ता आहेत. तुम्ही अजून वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळता. ते सोडा, असं मी म्हणणार नाही. तो अधिकार माझा नाही.

वीस तारखेला चतुर्दशी आहे. सुजित म्हणतो, "आई, बाबांचं ते पान मी ठेवू का?" मी नको म्हटलं. ते तुमच्या घरचं आहे. तुम्ही ठेवणार असाल तर आदल्या दिवशीच्या एसटीनं मी येते. भाऊजींना जेवायला काय आवडायचं, मला माहीत नाही. तुम्ही सांगाल ते रांधू.

ठेवणार नसाल, तरीही येते.

तुमच्या माणसाच्या जिवावर संसार केलेली,
शालन