तीन नळ्या, एक दस्ता आणि सासऱ्यांचं मचाण

१२ ऑक्टोबर
निर्णय पक्का. जुनी रायफल विकली, एकनळी घेतली. एका वेळी एकच काडतूस. खऱ्या शिकाऱ्याला दुसरं लागतंच कुठे? शिवाय हिची नळी बदलता येते. खिट्टी काढा, नळी उतरवा, दुसरी चढवा. दस्ता एक, बंदुका हव्या तेवढ्या! आजवर मला हरीण मिळालं नाही ते बंदुकीमुळे, हे आता जगाला कळेल.
आर्लीनला दाखवली. ती म्हणाली, चला, बंदूक बदलून झाली, आता नवरा तेवढा बदलायचा राहिला. बायकोला यातलं कळत नाही.

१४ ऑक्टोबर
यंदा चेष्टा नाही. सासरेबुवांचा, म्हणजे हेइक्कींचा, गुडघा कामातून गेलाय. दलदलीच्या काठचं त्यांचं मचाण ते सोडतायत. पंधरा नोव्हेंबरला, मोसमाच्या पहिल्याच दिवशी, ज्याला हरणाचा शिंगवाला नर मिळेल त्याचं मचाण. उमेदवार दोन. मी आणि मेहुणी बॉनी.
मचाण गेलं खड्ड्यात. लग्नाला इतकी वर्षं झाली, म्हातारा एकदा म्हणून मला 'शाबास' म्हणालेला नाही. त्यांच्या सॉनाचं, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराचं, छप्पर मी एकट्याने बदललं, तर म्हणाले, गळत नाही ना, मग झालं. यंदा शाबासकी घेणार. घेणारच!

१८ ऑक्टोबर
काडतुसांचा सखोल अभ्यास. तीस-तीस : झाडीत उत्तम, पण लांबवर गोळी खाली येते. आणि सगळा गाव तेच वापरतो. दोनशे त्रेचाळीस : लांब, सरळ, धक्का कमी. पण गोळी किरकोळ. पंचेचाळीस-सत्तर : गोळी अंगठ्याएवढी. हिच्यापुढे हरीण काय, ट्रकसुद्धा विचार करील.
तूर्त पंचेचाळीस-सत्तर.

१९ ऑक्टोबर
तूर्त दोनशे त्रेचाळीस.

२१ ऑक्टोबर
सासरेबुवांचा सल्ला घ्यायला गेलो. कोणतं काडतूस? म्हणाले, खिशात असेल ते. मग मी त्यांना गोळीचा वेग, वजन, वाऱ्याचा परिणाम, सगळं समजावलं. ते पास्टी, म्हणजे मांस भरलेली भली मोठी करंजी, खात होते. शेवटचा घास गिळून म्हणाले, जावईबापू, हे सगळं हरणाने वाचलंय का?
अनुभव दांडगा, पण शास्त्राची बैठक नाही.

२३ ऑक्टोबर
तिन्ही नळ्या मागवल्या. वाद मिटला.

२९ ऑक्टोबर
वाद मिटला नाही. लांबीचं काय? लांब नळीत वेग जास्त, पण दलदलीत फांद्यांत अडकणार. आखूड सुटसुटीत, पण कानठळ्या. आता नुसती पुस्तकी चर्चा नको म्हणून लांब नळी चढवून (काडतूस अर्थात नाही) घरभर दबकत हिंडलो. जिन्याजवळ वळताना आर्लीनच्या आईचा दिवा पडून फुटला. निष्कर्ष : लांब नळी बाद.
आर्लीन अजून बोलत नाही.
संध्याकाळी पुन्हा विचार केला. घर म्हणजे काही जंगल नव्हे. लांब नळी ठेवली.

४ नोव्हेंबर
खडीच्या खाणीत नेमबाजीचा सराव. पंचेचाळीस-सत्तरचा पहिला बार. निशाणाचा पुठ्ठा सुरक्षित. खांदा निळा, टोपी मागे, भुवईवर बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या काठाचा अर्धचंद्र. दुसरा बार काढला नाही. काडतुसं महाग आहेत.
घरी सांगितलं, गाडीचं दार लागलं. आर्लीन म्हणाली, हल्ली गाड्यांच्या दारांना दुर्बिणी लावतात वाटतं! बोलली, हे महत्त्वाचं.

९ नोव्हेंबर
स्वयंपाकघरात नळी बदलण्याचा सराव. हात असा बसलाय की डोळे मिटूनसुद्धा बदलतो. फक्त आर्लीनने वेलदोडा घालून केलेल्या गोड पावाला बंदुकीच्या तेलाचा वास येतोय. मी मुद्दाम दोन तुकडे जास्त खाल्ले, तरी तिने मला नळ्या-तेलासकट तिथून हाकललं.
बॉनी आली होती. तिला विचारलं, तयारी कुठवर? म्हणाली, बाबांची जुनी तीस-तीस आहे, गेल्या वर्षीची काडतुसं ड्रॉवरमध्ये असतील कुठेतरी. बिचारी. मला तिची खरंच कीव आली.

१४ नोव्हेंबर
शिकारीच्या कॅम्पवर पोचलो. सरोवरावरून आलेला बर्फ गुडघ्याएवढा. उद्यासाठी कोणती नळी? उत्तर साधं आहे. तिन्ही! एक बंदुकीला, दोन पाठपिशवीत, शिवाय पेचकस आणि तेलाची बाटली. सासरेबुवांनी पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, शिकारीला निघालायस की कोणाची मोरी दुरुस्त करायला?
हसा. उद्या बघू.

१५ नोव्हेंबर, पहाटे
जागेवर आहे. नाकातले केस गोठलेत. झाडीच्या तोंडाशी मी, उजव्या हाताला लांब बॉनी, मध्ये गोठलेल्या गवताचं मोकळं रान. पंचेचाळीस-सत्तर चढवली आहे. मन स्थिर.

थोड्या वेळाने
रान वाटलं त्यापेक्षा लांबवर मोकळं आहे. पंचेचाळीस-सत्तर साफ चूक. खांद्याचा इथे काही संबंध नाही. दोनशे त्रेचाळीस लावतो. घाई न करता, नीट.

१५ नोव्हेंबर, संध्याकाळ
ओठ सुजलाय. बोलता येत नाही, लिहिता येतं.
नळी उतरवली. एका हातात दस्ता, दुसऱ्या हातात नवी नळी. तिसरा हात नाही, म्हणून खिट्टी ओठांत धरली. या थंडीत लोखंड ओठांत धरू नये हे शाळेतली पोरंही जाणतात. मीही जाणत होतो. घाईत राहिलं. खिट्टी चिकटली ती चिकटलीच.
आणि नेमका तेव्हा तो आला. शिंगं अशी, की बघत राहावं. रानाच्या मधोमध थांबून सरळ माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे. हलावं तर तो पळणार, ओरडावं तर ओठ फाटणार. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते थंडीचं असं म्हणू. देवा रे, एवढी एक नळी चढव, असं मी मनात म्हणत होतो. माझ्यासारखा प्राणी त्याने कधी पाहिला नसावा. हलेचना. तोंड माझ्याकडे, कूस बॉनीकडे.
एक बार. तो जागच्या जागी बसला.
बॉनी धावत आली, माझं तोंड बघितलं आणि हसत हसत बर्फात बसली. मग थर्मासमधली कोमट कॉफी ओतून तिने खिट्टी सोडवली. नर ओढत कॅम्पपर्यंत आम्ही दोघांनी आणला. मचाण अर्थात तिचं.
जेवताना तिने सगळ्यांना साग्रसंगीत सांगितलं. मी मान खाली घालून सूप नळीने पीत होतो. सासरेबुवा काठी टेकत उठले, माझ्या पाठीवर थाप मारली, नेमकी निळ्या खांद्यावर, आणि म्हणाले, शाबास! इतका वेळ हरणाला जागेवर खिळवून ठेवणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही.
शाबास म्हणाले. सगळ्यांनी ऐकलं. ओठ दुखला तरी मी हसलो.

१६ नोव्हेंबर
सकाळी सासरेबुवांनी स्वतः मला उठवलं. त्यांच्याही परवान्यावरचं यंदाचं हरीण बाकी आहे. मचाणावर चढवत नाही, म्हणून रानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसणार. मला म्हणाले, कालच्याच जागी जाऊन उभा राहा, अगदी तसाच. मी खुणेने विचारलं, बंदूक? म्हणाले, कशाला? कालही नव्हतीच की. फक्त काही झालं तरी हलायचं नाही.
उभा राहिलो. उन्हं वर आली तसा एक मोठा नर आला, कालच्याहून मोठा. मला बघून थबकला. बघत राहिला. मीही श्वास धरून उभा. बार काही होईना. डोळे तिरके करून पाहिलं, तर सासरेबुवा खुर्चीत, हनुवटी छातीवर, गाढ झोपलेले.
हलायचं नाही असं त्यांनीच बजावलं होतं. मी हललो नाही. नराने मला पोटभर पाहून घेतलं आणि तो सावकाश निघून गेला.