पडकईतली पुस्तकं

पुणे, ४ मे २०२५

ती. आजीस वैजूचा शि. सा. न. वि. वि.

पुस्तकांची पेटी तुझ्या ओसरीवर ठेवून आले, पण जीव तिथंच आहे. आमच्या ग्रंथालयशास्त्राच्या शिक्षणात यंदा हेच काम आहे: जिथं पुस्तक पोचत नाही तिथं ते पोचवायचं. सोळा तारखेला सर बघायला येतील. वाडीत कुणी वाचत नसेल तर पेटी परत जाईल आणि मी नापास. माझा त्या दिवशी पेपर, म्हणून सगळं तुझ्यावर. पुस्तकं नंबरानं लावून ठेव, आणि सरांना गाईच्या गोष्टी सांगत बसू नकोस.

माया आहेच, ती वाढती ठेव.

तुझी वैजयंती

टेपवाडी, १७ मे

चि. वैजूला लई लई आशीर्वाद.

गाय व्याली. कालवड झाली, कपाळावर चांदवा हाय. हे सरांना सांगितलं, रागावू नको.

आता तुझं. सर आले तवा पेटी रिकामी व्हती. एक पुस्तक नाय. त्यांचं तोंड एवढंसं झालं. रद्दीत गेली का, असं हळूच विचारलं. मी पाणी दिलं न् म्हनलं, चला खाचरावर.

अगं, सारजाबाईच्या भातखाचराचा बांध घालायला सगळी वाडी पडकईला. ओसरीवर कोण येतंय वाचायला? मग मी पाटीत घालून पुस्तकंच तिकडं नेली. पडकईचा कायदा तोच पुस्तकाला लावला. आज आमी तुझ्या रानात, उद्या तू आमच्या. तसं पुस्तक घेतलं की ज्याला वाचता येत नाय त्याला वाचून दाखवायचं, मगच दुसरं.

गेणभाऊ बांधावर बसून वाचत व्हता. ठकूबाई डोक्यावर दगड घेऊन त्याला वरडत व्हती, मागचं परत वाच, मी दगड उचलत व्हते. सरांनी एक पुस्तक नुसतं चाळायला उचललं. आमी कसले सोडतोय. उभ्यानं वाचायला लावलं भाकरीपर्यंत. ठकूबाई म्हनली, "मास्तर, आवाज चढवा, दगडाखाली ऐकू येत नाय." मग त्यांनी दगडबी उचलले.

तुझ्या नंबरांचं मातर काय झालं ते विचारू नको.

आठवण काढत जा, आमी काढतोच.

तुझी आजी लंकाबाई

पुणे, २४ मे

ती. आजीस सा. न.

सरांच्या तळहाताला फोड आलेत, ते वर्गभर दाखवत फिरतात. माझ्या शेऱ्यात लिहिलंय: पेटी रिकामी आढळली, उत्तीर्ण. पेटी आता वाडीतच राहणार.

एक पुस्तक ते घरी घेऊन गेलेत म्हणे. ठकूबाईचं वाचन फेडायचंय, म्हणून पुढच्या पडकईला आमचा सगळा वर्ग घेऊन येतायत.

पीठ जास्त दळून ठेव, आणि कालवडीला माझा पापा.

तुझीच वैजू