यानातला लोकरीचा गुंडा

सोलापूर, सोमवार, २ डिसेंबर १९७४

आज संध्याकाळी मिळालेल्या चहाला उष्णोदक म्हणणेच शास्त्रशुद्ध ठरेल. तक्रार केली नाही. करायला तोंड कुठे होते?

परग्रहांच्या गोष्टी वाचून वाचून सुमनने आणि तिच्या मैत्रिणींनी कॉलेजच्या हस्तलिखितासाठी स्वतःच एक चित्रकथा रचली आहे. नायिका यानात बसून चार हातांच्या मंगळवासी पाहुण्यासाठी स्वेटर विणते. कन्येने दुपारी मोठ्या हौशीने पान हातात दिले. आणि मी? उत्तरपत्रिका तपासायची सवय. नायिकेच्या पायाशी पडलेल्या लोकरीच्या गुंड्याभोवती लाल शाईने गोल काढून लिहिले, 'यानात वजन नसते. गुंडा तरंगेल.'

"बाबा, ते पक्कं चित्र होतं की," सुमन एवढेच म्हणाली.

आमची ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "चार बाह्यांचा स्वेटर सोडून तुम्हांला गुंडाच बरा दिसला की."

गुंडा चुकलाच होता. पण नायिकेने बोटाला धागा घेतला होता तो थेट हिच्यासारखा, पोरीने आईच काढली होती. हे मला लिहून झाल्यावर दिसले.

चित्र ती पुन्हा काढील. ते मला दाखवील का, याचीच भीती वाटते.