धाकटीच्या चेहऱ्यावरची सूज

४ मार्च
आमच्या प्रमुख बाईंनी आज तोंडावर सांगितलं, "बहिणीच्या पेशींना तू हात लावायचा नाहीस. नियम तो नियम." अकरा वर्षं या प्रयोगशाळेत पेशी वाढवतेय मी, आणि माझ्याच धाकटीच्या पेशी शेजारच्या टेबलवालीच्या ताब्यात! दिवसभर चडफडत होते.

५ मार्च
धाकटीला समजावलं. शरीराची फौज तिच्याच मूत्रपिंडांवर उलटलीय. त्या फौजेला आवरणाऱ्या पेशीही रक्तात असतात, पण तिच्यात थोड्या, त्याही मरगळलेल्या. त्या वेगळ्या काढायच्या, दोन आठवडे वाढवायच्या, परत तिलाच द्यायच्या.
"ताई, तूच वाढवणार ना? दुसऱ्या कुणावर माझा भरवसा नाही."
घाबरून एवढीशी झाली होती. "मीच," म्हटलं. बोलून गेले!

१९ मार्च
पेशींची पिशवी चढवली. ताप नाही, थंडी नाही. जीव भांड्यात पडला.
डॉक्टर म्हणाले, "उपचार नवा आहे, गुण येईलच असं नाही. जुन्या गोळ्या एकही चुकवायची नाही." तिने शहाण्यासारखी मान हलवली.

१७ एप्रिल
सूज उतरतेय! गोळ्यांनी गालांचा पार भोपळा झाला होता. आज आरशासमोरून हलेना. "बघ, मला हनुवटी आहे!" थकवा आहे, जेवण जात नाही, पण चेहरा बघा! मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

२३ एप्रिल
लघवीतून प्रथिनं दुप्पट जाताहेत. डॉक्टरांच्या कपाळावर आठ्या — "पेशी लागू पडलेल्या दिसत नाहीत." शेजारच्या टेबलवालीनेच काहीतरी घोळ घातला असणार. दुपारी डब्याला बोलावलं तिने, गेले नाही. मी असते तर एक पेशी वाया जाऊ दिली नसती.

२४ एप्रिल
धाकटीच्या कपड्यांच्या खणात गोळ्यांची पाकिटं सापडली. एकही फोडलेलं नाही! महिनाभराची!
"तुझ्या हातच्या पेशी आहेत ताई. मग हे विष कशाला गिळू?"
तेव्हा सांगितलं, मी त्यांना हातसुद्धा लावलेला नाही.
मग म्हणाली, "मग कुणी वाढवल्या?"
डॉक्टर फोनवर ओरडले — गोळ्या अशा एकदम तोडतात का, शरीराला त्यांची सवय झालेली असते, जिवावर बेतेल, आत्ताच्या आत्ता घेऊन या. गाडी मागवलीय. ती दाराशी चपला घालतेय, भिंतीला धरून. मला जवळ येऊ देत नाही.