फाटकाची कडी

११ नोव्हें.
वर भाड्यानं राहणाऱ्या चिसोमोची आई वारली. तिकडं मलावीत. माती पण झाली. पोरीनं फोनवर बघितली, तीबी अर्धीच, मध्येच नेट गेलं. आफ्रिकेतून एवढ्या लांब गुलबर्ग्याला शिकायला आली अन् नशिबात हे. पिठलं-भाकरी नेऊन दिली. मयताच्या घरात चूल पेटवायची न्हाई, शेजाऱ्यानंच घास द्यायचा. हात लावला न्हाई तिनं.

१३ नोव्हें.
ताट परत तसंच. वर्गालाबी जाईना. जिन्यात बसली होती. "अक्का, संध्याकाळी फाटक उघडून कोण येतं?"
तिला वाटतंय, आई येती. लेकीनं शेवटचं तोंड बघितलं न्हाई म्हणून हुडकत आली.
मी म्हटलं, वारं असंल.
वारं कुठलं! ती कडी ह्यांची हाय. डाळमिलमधून आले की अशीच वाजायची. दोन वर्षं झाली ह्यांना जाऊन, तरी दिवेलागणीला वाजतीच. कुणाला सांगितलं न्हाई. लेकाला कळलं तर मला पुण्याला नेऊन डॉक्टरपुढं बसवंल. मला वाटायचं, मला एकटीलाच ऐकू येती.

१४ नोव्हें.
गच्चीवर कपडे काढायला गेले तर चिसो कठड्यावर बसलेली. पाय बाहेर. दंडाला धरून आत ओढलं. "आईकडं जाते," एवढंच म्हणाली. म्हणजे मलावीला का, हे विचारायचं धाडस झालं न्हाई. तिच्या कॉलेजातल्या जोसेफला फोन लावला.

१५ नोव्हें.
सात-आठ जण आले, मलावीची, टांझानियाची पोरं-पोरी. म्हटलं, दोन शब्द बोलून जातील. कुठलं काय! चटया टाकून मुक्कामच केला. त्यांच्यात तशीच रीत. ज्याचं माणूस गेलं त्याला एकटं सोडायचं न्हाई. समजूत घालायची न्हाई, नुसतं जवळ बसायचं, तिथंच झोपायचं. मध्ये हळू आवाजात गाणी. मक्याचं पीठ घट्ट शिजवून सगळ्यांनी एकाच ताटात खाल्लं.
समोरचे मास्तर आलेच. "पार्टी चालू हाय का? असल्यांना खोली कामून देताव?"
"मयत झालंय. बसायचं तर तुम्हीबी बसा, न्हाईतर वाट धरा." तणतणत गेले. ह्याच गल्लीत आम्हालाबी एकेकाळी कुणी खोली देत नव्हतं. मी इसरले न्हाई.
जोसेफ विचारायला, तुमचे साहेब गेले तवा कोण बसलं? म्हटलं, जलदानाच्या विधीला आमचं सगळं गाव, कमठाणं, जेवून गेलं. "मग?"
मग काय. चहा ठेवायला उठले.

१८ नोव्हें.
चिसोनं चार घास खाल्ले. कॉलेजच्या समुपदेशक बाईंकडं जायलीय, जोसेफ सोबत असतो. पण कडी वाजली की कान झाकून घेती.

१९ नोव्हें.
जोसेफनं कडीला तेल घातलं. माझंच खोबरेल! "अक्का, आता न्हाई वाजणार." खुशीत होता बिचारा. मी ओरडले, "कुणाला विचारून?" का ओरडले, ते कसं सांगू?

२१ नोव्हें.
कडी वाजली न्हाई. चिसो म्हणते, आई तिच्या ठिकाणी पोचली. पोटभर रडली अन् मग माझी भाकरी खाल्ली, अर्धी अजून मागितली. जीव भांड्यात पडला, खरंच.
दिवे लागल्यावर दारात उभी राहिले. ह्यांना बिनआवाजाचं यायची सवय न्हाई. कळायचं कसं, आले का न्हाई?

२३ नोव्हें.
फडकं घेऊन फाटकाशी गेले. तेल पुसलं की परत वाजंल. थोडं पुसलंबी. मग तो कठडा डोळ्यापुढं आला अन् हातच चालंना.
तेवढ्यात वरून चिसो, "अक्का, कोण आलंय?"
फडकं पदराखाली घेऊन पायरीवर बसले. ती खाली आली. काही विचारलं न्हाई, माझ्याजवळ टेकली. दोघीबी फाटकाकडं बघत बसलो.